जुन्या घरातल्या भिंतीची ओल: रंगाचं काम काढायच्या आधी काय काय करायचं

दसरा जवळ आला की पुण्याच्या पेठांमधल्या घरांत रंगाचं काम निघतं. पोपडे खरवडायचे, वर पुट्टी, प्रायमर, रंगाचे दोन हात, दिवाळीला घर कसं लख्ख, आणि पुढच्या आषाढात त्याच भिंतीला त्याच जागी परत फुगवटा. आमच्या कसब्यातल्या वाड्यात तळमजल्यावर देवघरामागच्या भिंतीचं हे मी लहानपणापासून बघत आले. शेवटी ती भिंत मी मनावर घेतली आणि गवंड्याबरोबर उभं राहून काम करून घेतलं, सव्वा वर्ष लागलं, पण त्यानंतर चार पावसाळे गेले आणि देव जागचे हलवावे लागले नाहीत. नंतर आईच्या कोथरूडमधल्या १९७८ सालच्या बिल्डिंगमधला फ्लॅट केला, तिथली ओल एकदमच वेगळी निघाली. दोन्ही घरांतून जे हाताला लागलं ते सगळं इथे सविस्तर लिहितेय, कारण लोक दर वर्षी भिंतीवर पैसे ओततात आणि पाणी कुठून येतंय हे कोणी बघतच नाही, आणि त्याचं मला खरंच वाईट वाटतं.

आधी पाण्याची वाट शोधा

भिंतीत पाणी यायला वाटा मोजक्याच आहेत. जमिनीतून वर चढतं, पावसाचं बाहेरून किंवा गच्चीतून मुरतं, मोरी-बाथरूमच्या पाइपातून झिरपतं, नाहीतर खोलीतल्या हवेतलीच वाफ गार भिंतीवर बसते. चौघांचे उपाय वेगळे आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लावला की पैसे गेले म्हणून समजा.

यासाठी पावसाळ्यातच कामाला लागायचं. काम नाही काढायचं, फक्त बघायचं. एक वही करा. ओलीच्या कडेने पेन्सिलने रेघ मारा, रेघेशेजारी तारीख लिहा, दर रविवारी परत रेघ मारा. भिंत तशीही खराब झालेलीच आहे, रेघांनी अजून काय होणार. वहीत लिहायचं की या आठवड्यात पाऊस होता का, किती दिवस उघडीप होती, वरचे लोक गावाला गेलेले का. दोन महिन्यांत भिंत स्वतःच सांगायला लागते. पाऊस पडला की चोवीस तासांत डाग गडद आणि उघडीप मिळाली की फिका, तर पाणी पावसाचं. बाराही महिने सारखंच ओलं, मे महिन्यातसुद्धा, तर नळाची लाइन, कारण तिच्यात कायम पाणी असतं. वरच्यांनी आंघोळी केल्या की दुपारपर्यंत वाढतं आणि ते गावाला गेले की सुकतं, तर सांडपाण्याचा पाइप किंवा बाथरूमची जमीन. आणि जमिनीपासून साधारण तीन फुटांपर्यंत सरळ पट्टा, वरच्या कडेला पांढरा लोणा, म्हणजे भिंतीतले क्षार, फुटलेला, तर ओल खालून चढतेय.

शंका राहिली तर प्लॅस्टिकची परीक्षा करा. जाड प्लॅस्टिकचा फूट-दीड फुटाचा तुकडा भिंतीवर ठेवून चारही बाजूंनी चिकटपट्टीने पक्का बंद करायचा, हवा आत जायला नको, आणि दोन दिवसांनी बघायचं. थेंब प्लॅस्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला दिसले तर पाणी भिंतीच्या आतून येतंय, खोलीकडच्या बाजूला बाहेरून दमटपणा बसला तर ती हवेतली वाफ. लोणा फुटलेल्या पोपड्यांवर पट्टी धरत नाही म्हणून आधी ब्रशने जागा साफ करून घ्या.

नळाच्या लाइनची शंका असेल तर रात्री झोपताना सगळे नळ बंद करून गच्चीवरच्या टाकीत पाण्याच्या पातळीला खूण करा, पंप लावायचा नाही, सकाळी पातळी उतरली असेल तर लाइन कुठेतरी गळतेय. मीटर असेल तर मीटरचा आकडा बघितला तरी चालतं. फ्लशच्या टाकीतून बारीक गळती असेल तरी पातळी उतरते, म्हणून तिचा कॉक पण बंद करायचा.

मॉइश्चर मीटर नावाचं दोन टाचण्यांचं यंत्र घेऊन काही लोक येतात आणि आकडा दाखवून घाबरवतात. ते यंत्र लाकडासाठी ठीक आहे, पण भिंतीत क्षार असले की कोरडी भिंतसुद्धा ओली दाखवतं. त्यापेक्षा पेन्सिलच्या रेघा बऱ्या.

आणि हे सगळं करायच्या आधी एक गोष्ट, ओल्या भिंतीत स्विचबोर्ड असेल तर इलेक्ट्रिशियनला बोलावून ती लाइन बंद करून घ्या आणि घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की लाइन आपोआप तोडणारा स्विच, आहे का ते बघा. जुन्या वायरिंगच्या घरात बहुतेक नसतो. ओल्या भिंतीचा शॉक जिवावर बेततो, इथे चालढकल नको.

खालून चढणारी ओल

पेठांमधल्या जुन्या घरांचा हा मुख्य आजार आहे. वाड्यांना खाली काळ्या दगडाचं जोतं, वर लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा आणि मधे विटांच्या नाहीतर दगडमातीच्या भिंती, दर्ज्यांमधे, म्हणजे सांध्यांमधे, माती किंवा चुना. जमिनीतली ओल जोत्यातच अडवणारा आजच्यासारखा डीपीसीचा थर त्या वेळी नव्हता. पण मग ही घरं शंभर दीडशे वर्षं टिकली कशी? तर भिंत थोडं पाणी पिणार आणि चुन्याच्या गिलाव्यातून ते हवेत सोडून देणार असा तो हिशेब होता. पाणी आत येण्यापेक्षा बाहेर जायचा वेग जास्त, की भिंत कोरडी राहते. हा हिशेब आपण बिघडवला, तो दोन ठिकाणी.

पहिलं म्हणजे बाहेरची जमीन. आजोबांच्या वेळी आमच्या दाराला तीन पायऱ्या होत्या, आता दीड उरलीये. बोळ दर काही वर्षांनी वर येत गेला, आधी डांबर, मग काँक्रीट, आणि जोत्याचा दगड अर्धा जमिनीत गेला. पूर्वी जमिनीतली ओल मोकळ्या मातीतून, फरशीच्या सांध्यांमधून उडून जायची, आता काँक्रीटखाली तिला वर यायला एकच वाट आहे, ती म्हणजे आपली भिंत.

दुसरं म्हणजे सिमेंट. आमच्याकडे एका ठेकेदाराने सांगितलं की खालचे चार फूट सिमेंटचा गिलावा करू, वर वॉटरप्रूफिंगचं पावडर घालू, ओल कायमची गेली. वडिलांनी करून घेतला. दोन पावसाळे भिंत छान दिसली आणि तिसऱ्याला ओल साडेपाच फुटांवर, देवघराच्या कमानीच्याही वर. पाणी तेवढंच होतं, बाहेर पडायची जागा बंद झाल्यावर ते सिमेंटच्या मागून वर चढत गेलं. मी तो गिलावा काढायला लावला तेव्हा तो ताटासारखा अख्खाच्या अख्खा सुटून आला आणि मागे विटा काळ्या ओल्या, दर्ज्यात बोट घातलं तर माती लोण्यासारखी बोटाला लागून आली, खोलीभर तळघरासारखा कुबट वास. तेव्हापासून कोणी सिमेंटचं नाव काढलं की मी त्यांना ते चित्र सांगते. ऑइल पेंट, टाइल्स, आतल्या बाजूने लावायचे डॅम्पप्रूफ कोट, भिंतीला प्लायवूडचं पॅनेलिंग, सगळ्याचं हेच, ओल झाकली जाते आणि वर सरकते.

आता काम कसं करायचं.

सुरुवात बाहेरून. भिंतीच्या पायथ्याशी पाणी कुठून कुठून येतंय ते भर पावसात छत्री घेऊन उभं राहून बघा, ही अर्ध्या तासाची पाहणी सगळ्यात मोलाची. आमच्याकडे चौकातल्या पन्हळीचं पाणी थेट भिंतीच्या बुडाशी पडत होतं आणि मोरीच्या फरशीच्या दर्जा उघड्या होत्या, म्हणजे रोजचं आंघोळीचं पाणी जोत्यात जिरत होतं. पन्हळीला पाइप जोडून पाणी गटारापर्यंत नेलं, मोरीची शहाबादी फरशी उचलून खाली पक्का कोबा करून, उतार देऊन परत बसवली. नुसत्या एवढ्याने पुढच्या पावसाळ्यात ओलीची रेघ जवळजवळ फूटभर खाली आली, भिंतीला हात न लावता.

मग भिंतीलगतची जमीन. बोळ महापालिकेचा, तो आपल्याला खणता येत नाही, पण चौकाच्या नाहीतर परसाच्या बाजूने भिंतीलगतचा फूटभर पट्टा काँक्रीट तोडून मोकळा करता येतो. त्यात फूट सव्वा फूट खोल चर काढून तळाला भोकांचा पाइप, तो गटाराकडे उताराने, आणि वर खडी. पायाच्या तळापेक्षा खोल अजिबात जायचं नाही, जुन्या वाड्यांचे पाये काही ठिकाणी फारच उथळ असतात, त्यामुळे आधी एका कोपऱ्यात छोटा खड्डा घेऊन पाया कुठपर्यंत आहे ते बघायचं. काळी माती असेल तर स्ट्रक्चरल इंजिनियरला दाखवल्याशिवाय हात लावू नका, ती ओली झाली की फुगते आणि सुकली की आक्रसते, भिंतीला तडे जातात.

मग आतून गिलावा काढायचा. दिसणाऱ्या ओलीच्या वर अजून दीड-दोन फूट, विटेपर्यंत. छिन्नी-हातोड्यानेच, ब्रेकर मशीन जुन्या भिंतीला लावू देऊ नका. निघालेला राडारोडा त्याच दिवशी घराबाहेर काढायचा, त्यात क्षार भरलेले असतात. विटांवरचा लोणा कोरड्या ब्रशने झाडून कागदावर गोळा करायचा, पाण्याने धुवायचा नाही, धुतलं की क्षार विरघळून परत भिंतीत जातात. दर्ज्यातली सैल माती इंचभर खरवडून काढायची. भिंतीत लाकडी खांब असेल तर बुडाशी स्क्रूड्रायव्हर टोचून बघा, सहज आत गेला तर खांब कुजलाय किंवा वाळवी आहे, तिथे गिलाव्याचं काम थांबवून आधी इंजिनियर.

आणि आता थांबायचं. हा भाग कोणालाच आवडत नाही. वीटकामाला सुकायला इंचामागे साधारण महिना धरतात, म्हणजे नऊ इंची भिंत एकाच बाजूने सुकत असेल तर जवळजवळ नऊ महिने, आणि वाड्यांच्या भिंती दीड दीड फुटी असतात. आम्ही नोव्हेंबरमधे गिलावा काढला आणि भिंत पुढचा अख्खा पावसाळा उघडी ठेवली, म्हणजे बाहेरचं काम खरंच लागू पडलंय का तेही कळलं. येणारा प्रत्येक पाहुणा विचारायचा की काम अर्धवट का सोडलंय. गणपतीत भिंतीपुढे काकूची नऊवारी पडद्यासारखी लावली होती. मार्च ते मे पुण्याची हवा इतकी कोरडी असते की नुसत्या खिडक्या उघड्या ठेवून पंखा भिंतीकडे वळवला तरी पुरतं. हीटर लावून घाई करू नका, क्षार एकदम वर येतात आणि विटांचा पापुद्रा उडतो.

विटेच्या भिंतीला इंजेक्शन करतात ते कधी उपयोगी पडतं हेही सांगते. बाहेरच्या जमिनीपासून सहा इंच वर, दर्ज्यात चार-पाच इंचांवर ओळीने बारा मिलिमीटरची भोकं पाडून सिलेन-सिलॉक्सेनचं क्रीम भरतात, ते पसरून पाणी अडवणारा पट्टा तयार होतो. पानशेतच्या पुरानंतर, म्हणजे १९६१ नंतर ज्या वसाहती झाल्या त्यांतल्या पक्क्या विटांच्या घरांना हे चालू शकतं, अर्थात बाहेरचं पाणी आवरल्यावरच. दगडमातीच्या वाड्याच्या भिंतीत, जिथे आत पोकळ्या आणि नुसती माती भरलेली आहे, तिथे ते कुठे पसरतं कळतच नाही, मी तरी तिथे पैसे घालणार नाही.

चुन्याचा गिलावा

चुना जाणणारा गवंडी मिळवणं हे निम्मं काम. पेठांमधे वाड्यांची, देवळांची दुरुस्ती चालू असते तिथे जाऊन विचारा, तरुण मुलांपेक्षा म्हातारे गवंडी सांगतील. नीरू माहीत आहे का म्हणून विचारायचं, म्हणजे शेवटचा तो गुळगुळीत चुन्याचा हात, ज्याला माहीत असेल त्याचा चेहराच सांगतो.

चुनकळी घरी विझवण्याच्या भानगडीत शक्यतो पडू नका, पाणी पडलं की ती उकळते आणि डोळ्यात थेंब गेला तर कायमची इजा होऊ शकते. मुरवलेला चुना मिळतो तो घ्या, निदान महिनाभर पाण्याखाली मुरलेला, लोण्यासारखा मऊ. आम्ही घेतलेलं प्रमाण एक भाग चुना, एक भाग सुरखी आणि दोन भाग चाळलेली वाळू. सुरखी म्हणजे चांगल्या भाजलेल्या विटांची पूड, तिच्यामुळे चुना ओलसर जागीसुद्धा धरतो. गवंडी हळूच घमेलंभर सिमेंट मिसळायला बघतात, लवकर सुकावं म्हणून, तिथे उभं राहून नको म्हणायचं, प्रेमाने पण ठाम.

भिंत आधी पाण्याचा हलका शिपका मारून दमट करायची, मग अर्ध्या इंचापेक्षा जाड थर एका वेळी द्यायचा नाही. दोन थरांमधे आठवडाभर तरी अंतर, आणि रोज दोनदा शिपका, ओलं गोणपाट समोर टांगलं तर उत्तम. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू दगड होतो, त्याला ऊन आणि वारा एकदम लागला तर तडकतो, म्हणून हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच करा. वर रंग म्हणजे चुन्याची सफेदी, तीन पातळ हात, हवा असेल तर गेरू किंवा पिवडी घालून. पुट्टी, पीओपी, जिप्सम, प्लॅस्टिक पेंट काहीच नको. पहिली दोन-तीन वर्षं थोडा लोणा परत फुटेल, राहिलेले क्षार बाहेर पडत असतात, कोरड्या ब्रशने झाडा आणि सफेदीचा हात मारा. आमच्याकडे तिसऱ्या वर्षी थांबलं.

पावसाची झड आणि गच्ची

पुण्याचा पाऊस नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळे पश्चिम-दक्षिणेच्या भिंतींना झड लागते. बाहेरच्या गिलाव्यावर नाण्याने टकटक करत जा, पोकळ वाजतं तिथे गिलावा सुटलाय आणि मागे पाणी साठतंय. तो भाग काढून नवा करायचा. बारीक तडा असेल तर त्यावर नुसती पुट्टी फिरवायची नाही, इंग्रजी व्हीच्या आकारात खोलगट करून लवचिक क्रॅक फिलर भरायचा. छज्जाखाली पाणी परत भिंतीकडे वळू नये म्हणून कडेला खाच असते ती रंगाने बुजलेली असते, ती मोकळी करा, दहा मिनिटांचं काम आहे. खिडकीच्या चौकटीभोवतीची फट पण बघा. कौलारू घर असेल तर मे महिन्यात कौलं परतून घ्या आणि कौलं भिंतीला टेकतात तिथला पत्रा तपासा, गळती बहुतेक तिथेच असते.

गच्चीला दहा फुटाला सव्वा इंच तरी उतार हवा. पाणी जायच्या जाळीजवळ पाला अडकून तळं साठत असेल तर तेवढंच कारण पुरतं. पॅरापेट म्हणजे कठडा आणि गच्ची जिथे मिळतात त्या कोपऱ्यातला गिलाव्याचा गोलसर उतार, ज्याला वाटा म्हणतात, तो फुटलेला असतो, पाणी तिथून भिंतीत उतरतं आणि खाली बेडरूमच्या छताच्या कोपऱ्यात डाग येतो. जुन्या कोब्यावर नवा कोबा टाकायचा सल्ला ऐकू नका, चार इंच कोबा म्हणजे चौरस मीटरला साधारण दोनशे किलो वजन, जुन्या स्लॅबवर ते चढवायचं का हे इंजिनियरला विचारा. काम झाल्यावर जाळी बंद करून दोन इंच पाणी एक दिवस-रात्र भरून ठेवा, खाली डाग आला नाही तरच शेवटचे पैसे द्या.

फ्लॅटमधलं बाथरूम

आईच्या घरी हॉलच्या भिंतीचा डाग सगळे पावसाचा म्हणत होते. वहीत मात्र मे महिन्यातही तो तेवढाच होता, आणि वरच्या काकू पंधरा दिवस मुलीकडे गेल्या तेव्हा रेघ चार बोटं आत आली. मग त्यांच्या बाथरूमची नहाणी, म्हणजे पाणी जायचं तोंड, कापडाने बंद करून दोन इंच पाणी भरलं, भिंतीवर पेन्सिलने पातळी लिहिली, सकाळी पातळी अर्धा इंच खाली. नहाणीचा ट्रॅप आणि पाइपाचा सांधा सुटला होता. टाइल्सच्या फटींत भरलेलं ग्राउट गेलं असेल तर आधी ते इपॉक्सी ग्राउटने भरून परत परीक्षा घ्या, अख्खं बाथरूम फोडायची गरज दर वेळी पडत नाही. बाथरूमखाली विटांचा भराव असतो, तो स्पंजासारखा भरलेला असतो, त्यामुळे गळती थांबल्यावरही खाली काही आठवडे थेंब येतच राहतात, लगेच काम फसलं म्हणून भांडू नका.

खर्च कोणाचा यावरून सोसायटीत मनं तुटतात. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीतून, बाहेरच्या भिंतीतून किंवा सामाईक पाइपातून येणारी गळती संस्थेने दुरुस्त करायची आणि संडास, सिंक वगैरे आतल्या गळतीचं काम त्या त्या सभासदाने. वहीतल्या तारखा आणि फोटो घेऊन गेलात तर बोलणं सोपं जातं. वाड्यात भाडेकरू असाल तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे दुरुस्ती मालकाची जबाबदारी आहे, लेखी नोटिशीनंतर किमान पंधरा दिवस थांबून स्वतः करून भाड्यातून वळती करता येते, पण वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंतच. हेरिटेज यादीतला वाडा असेल तर महापालिकेच्या हेरिटेज विभागाला आधी विचारा.

हवेतली वाफ आणि बुरशी

कपाटामागे, कोपऱ्यात काळे ठिपके आणि भिंत आतून कोरडी, तर बहुतेक वाफच. पावसाळ्यात घरात कपडे वाळत घालणं बंद होणार नाही, पण एका खोलीत घालून तिथला एक्झॉस्ट चालू ठेवा, कपाट भिंतीपासून तीन बोटं पुढे ओढा, स्वयंपाक करताना खिडकी उघडी. ठिपके पातळ केलेल्या ब्लीचने पुसा, हातमोजे-मास्क लावून, आणि ब्लीचमधे ॲसिड, व्हिनेगर किंवा संडास साफ करायचं लिक्विड कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो. घरात लहान मूल किंवा दमेकरी असेल तर त्याला त्या दिवशी दुसऱ्या खोलीत ठेवा.

देवघरामागच्या भिंतीवर मी अजूनही दर पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि अनंत चतुर्दशीनंतर पेन्सिलने बारीक रेघ मारते. या वर्षीची रेघ फरशीपासून चार इंचांवर आहे, गेल्या वर्षीच्याच जागी.